फ्लॉवरपॉट कोरलचं गाव कोणतं?

१९०३ साली ब्रिटिश म्युझियमने आपल्या संग्रहातल्या प्रवाळांच्या सूचीचा एक खंड छापला. तो खंड गोनिओपोराचा, म्हणजे आज दुकानात फ्लॉवरपॉट कोरल म्हणून मिळणाऱ्या प्रवाळाचा होता आणि तयार केला होता हेन्री बर्नार्ड यांनी. सांगाड्यांची रूपं एकमेकांत इतकी मिसळत होती की एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी लॅटिन नावांचा नाद सोडला आणि प्रत्येक नमुन्याला तो सापडला त्या ठिकाणाचं नाव देऊन पुढे क्रमांक घातला: ग्रेट बॅरिअर रीफ एक, ग्रेट बॅरिअर रीफ दोन. आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव होतं, त्यातलाच प्रकार. शास्त्रज्ञांना ही पद्धत रुचली नाही आणि ती टिकलीही नाही. पण घरच्या काचेच्या टाकीत फ्लॉवरपॉट कोरल का मरत होतं आणि आता का जगतं, याचा माग काढू लागलं की बर्नार्डसाहेबांचा 'गाव कोणतं?' हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

दुकानात फ्लॉवरपॉट या नावाखाली दोन प्रजाती विकल्या जातात, गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा. दोन्हींना नाव दिलं ते एकाच माणसाने, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ द ब्लेंव्हिल यांनी, १८३० साली. ओळखायची खूण सोपी आहे: फुलाच्या पाकळ्या मोजायच्या. गोनिओपोराच्या पॉलिपला, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एकेका छोट्या प्राण्याला, २४ स्पर्शिका असतात, अल्व्हिओपोराच्या १२. दोघी दीडशेहून अधिक वर्षं एकाच कुळात नांदल्या. मग जनुकांची तपासणी झाली आणि २०१४ मध्ये अल्व्हिओपोराची रवानगी अ‍ॅक्रोपोरा या दुसऱ्याच प्रवाळाच्या कुळात झाली. त्याच शोधनिबंधात गोनिओपोरातली एक बारीक पॉलिपांची जात वेगळी काढून तिला बर्नार्डपोरा हे नाव मिळालं. ज्यांनी नावं द्यायचं सोडून दिलं, त्यांचंच नाव एका प्रवाळाला लागलं!

या प्राण्याचं आकर्षण कळायला शास्त्र लागत नाही. बहुतेक दगडी प्रवाळं दिवसा मिटून बसतात आणि रात्री उघडतात. गोनिओपोरा भर दिवसा लांब देठांवर डोलत असतं. टाकी बघायला आलेला पाहुणा माशांआधी त्याच्याकडेच बोट दाखवतो.

प्रवाळं घरात जगवण्याची वाट उघडली जकार्तात. तिथल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली 'नैसर्गिक पद्धत' एका मासिकात मांडली. जिवंत जीवजंतूंनी भरलेले समुद्रातले दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढंच त्यांचं भांडवल. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला प्रोटीन स्किमर (पाण्यातला कचरा फेसात ओढून काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी 'मिनी रीफ'चं, म्हणजे घरच्या टाकीतल्या छोट्या प्रवाळ-बेटाचं वेड अमेरिकेत नेलं. मागणी वाढली आणि इंडोनेशियातून जिवंत प्रवाळांचे खोके निघू लागले. १९९० पासून सगळी दगडी प्रवाळं साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार होत नाही. पण गोनिओपोराच्या परवान्यावर जातीचं नाव न लिहिता नुसतं प्रजातीचं लिहिलं तरी चालतं. खोक्यात नेमकं कोण आहे, हे कागदावरून कळायची सोय नाही.

बहुतेक वेळा त्यात गोनिओपोरा स्टोकेसी असायचं: हिरवं किंवा तपकिरी, चेंडूसारखं गोल, स्वस्त आणि मोठ्या फुलांचं. घरी आणल्यावर काही महिने ते झक्क दिसायचं. मग फुलं थोडी कमी उमलायची, कडेचं मांस मागे सरकायचं, पांढरा सांगाडा डोकावू लागायचा आणि वर्षभराच्या आत खेळ आटपायचा. माणसं हळहळायची आणि पुन्हा तेच विकत घ्यायची. गोनी टिकतच नाही, अशी त्याची ख्याती झाली. खरं तर तो आळ गोनीवर येण्याऐवजी निवडीवर यायला हवा होता.

स्टोकेसी मुळात खडकावर चिकटून बसणारं प्रवाळ नाही. ते गाळाच्या, मऊ तळावर सुटं पडून राहतं. १९६९ मध्ये हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा बेटावरच्या नमुन्यांवरून संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच्या अंगावरच छोटी पिल्लं तयार होतात, स्वतःचा सांगाडा धरतात आणि गळून पडून वेगळं बिऱ्हाड थाटतात. केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांसारखंच. आता असा चिखलातला गावकरी उचलून टाकीत दगडांच्या उंच कपारीत खोचला जायचा. वर प्रखर दिवा, समोर पंपाचा थेट झोत आणि स्किमरने गाळून गाळून निर्मळ केलेलं पाणी. गढूळ खाडीच्या पाण्यात जे बारीक अन्न सतत तरंगत असतं, त्याचा इथे पत्ता नाही. शिवाय प्रवासात फुगलेलं नाजूक मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर घासून फाटायचं, ते वेगळंच. नेमकं कोणतं कारण किती जबाबदार यावर हौशी लोक आजही भांडतात. मला स्वतःला उपासमारीचं पारडं जड वाटतं.

चित्र पालटलं ते या शतकात. लाल, जांभळ्या, आखूड देठांच्या गोनिओपोरा बाजारात आल्या, पुढे ऑस्ट्रेलियातून खडकाला चिकटून वाढणाऱ्याही आल्या, आणि त्या चक्क जगू लागल्या. त्याच सुमारास टाकीच्या पाण्यातलं नायट्रेट (मळ आणि उरल्यासुरल्या अन्नातून साचणारं द्रव्य) शून्यावर न्यायचा हट्टही सैल झाला. रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि पिठासारखं बारीक प्लवक-अन्न सहज मिळू लागलं. लोहाबरोबर मँगनीजचीही मात्रा देऊन पाहणारे अनेक जण गुण आल्याचं सांगतात. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली, ती २०२० मध्ये शेतीतल्या प्रवाळांपुरती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे टाकीत किंवा शेतात वाढलेल्या तुकड्यांना, म्हणजे फ्रॅगना, भाव आला. माझ्या मते नवख्याने तेच घ्यावेत. ज्याची आई आधीच कुणाच्या तरी टाकीत चार वर्षं जगली आहे, त्याची निम्मी परीक्षा झालेली असते.

म्हणून दुकानात रंगावर भाळण्याआधी विचारावं: कुठून आलं, इथे येऊन किती दिवस झाले, आणि खातं का? पांढरी कड दिसली किंवा तपकिरी चिकट लोळ लटकत असला, तर फुकट मिळालं तरी नको. घरी आणल्यावर मध्यम उजेडात खाली ठेवायचं. पाणी सगळ्या बाजूंनी अंगावरून वाहावं, थेट झोत नको. फुलं एका लयीत डोलताना दिसली पाहिजेत, वादळात सापडल्यासारखी नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा पंप थोडा वेळ बंद करून बारीक अन्न सोडायचं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असलं तर घाबरायचं कारण नाही. क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) मात्र रोज वर-खाली होऊ द्यायची नाही. आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर राहणं मोलाचं. स्टोकेसीच घ्यायचा हट्ट असेल तर त्याला निदान वाळूवर बसवा.

शेजाऱ्यांमध्ये अंतर सोडा, वीतभर तरी. हे फूल दिसतं तितकं गरीब नाही. काही पॉलिप नेहमीपेक्षा कितीतरी लांब वाढवून गोनिओपोरा आजूबाजूच्या प्रवाळांना डंख मारतं. त्याच्यापासून वेगळं काढलेलं एक विष स्नायू-चेतापेशींच्या सोडियम मार्गांवर, म्हणजे पेशीत सोडियम शिरण्याच्या दारांवर, कसं काम करतं, याचा अभ्यास औषधशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच केला होता. टाकीत हात घालताना हातमोजे घालणारा माणूस भित्रा नसतो.

हे सगळं न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये टाकी मांडून बसलेल्या मराठी माणसाला लागू. भारतातली गोष्ट निराळी आहे. २००१ पासून रीफ बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि 'इंपोर्टेड आहे' असं दुकानदार म्हणाला तरी कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोनिओपोरा कच्छच्या आखातात आहे. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात गोनीच्याच कुळातलं पोराइटिस आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केल लावून डोकं पाण्यात घातलं की दिसतं. पाणी गढूळच असतं तिथलं. त्याला तेच मानवतं.