तीन पत्तीचा ब्लाइंड आणि पोकरचा ब्लाइंड

तीन पत्ती खेळणारं घर सांगलीत शोधावं लागत नाही. त्यामुळे कुणी ‘शनिवारी पोकर मांडू’ म्हटलं की कॅट आहे, सतरंजी आहे, माणसं आहेत, आता आणखी काय लागतं, असंच सगळ्यांना वाटतं. पहिल्याच वाटपात गाडं अडतं ते ‘ब्लाइंड’ या शब्दावर.

तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणारा. बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीची ठरलेली रक्कम, सगळ्यांनी टाकायचा. ब्लाइंडवाल्याला जेवढी चाल (पाळीला लावायची रक्कम), त्याच्या दुप्पट पत्ते बघितलेल्याला. पोकरमध्ये (इथं टेक्सास होल्डेम धरलाय: प्रत्येकाला दोन पत्ते, आणि मधे सगळ्यांचे मिळून पाच) पत्ते सगळेच बघतात. ब्लाइंड ही तिथं सक्तीची पैज, आणि ती फक्त दोघांनी टाकायची: वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला स्मॉल ब्लाइंड टाकतो, त्याच्या पलीकडचा दुप्पट, म्हणजे बिग ब्लाइंड. बाकीचे एक चिपही न घालता पत्ते टाकून देऊ शकतात. म्हणून वाटणारा कोण, हे सगळ्यांना दिसेल अशी खूण हवी आणि ती दर डावाला एक घर डावीकडे सरकायला हवी. त्यासाठी विकतचं बटण नको, कॅरमची राणी पुरते. दोघंच उरले की मात्र वाटणाराच स्मॉल ब्लाइंड टाकतो. नवे गट इथं हमखास चुकतात.

दुसरा घोळ मोठा, कारण तो डाव संपताना कळतो. तीन पत्तीत ट्रेल (एकाच किमतीचे तीन पत्ते) सगळ्यांत वर, मग प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे ओळीनं), सिक्वेन्स (नुसते ओळीनं), कलर (नुसते एका रंगाचे), जोडी. पोकरमध्ये हात पाच पत्त्यांचा, आणि ट्रेल खालून चौथी! साधा पत्ता, जोडी, दोन जोड्या, मग ट्रेल. तिच्यावर सिक्वेन्स, त्यावर कलर, त्यावर फुल हाउस (ट्रेल अधिक जोडी), मग एकाच किमतीचे चार पत्ते आणि सर्वांत वर प्युअर सिक्वेन्स. तीन राजे आपटून पॉट (मधे जमलेल्या चिप्स) ओढणाऱ्याला समोरचा पाच किलवर दाखवतो, तेव्हा वाद होणारच.

हा फरक कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती वर. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२००, पण कलर ५,१०८ च. सगळे पाच एकाच रंगाचे येणं अवघड, म्हणून कलर वर गेला. ट्रेल तर ५४,९१२. जाता जाता: तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२, म्हणजे हिशेबानं प्युअर वर हवी होती, पण रिवाज तो रिवाज. एक्का-दुर्री-तिर्री बऱ्याच घरांत दुसऱ्या क्रमांकाची सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सगळ्यांत लहान. हा क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून मधे ठेवा. सगळ्या सामानात स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच.

आता चिप्स. तीन पत्तीत चाल दुपटीनं वाढते, एका रंगाच्या चिंचोक्यांवरही भागतं. पोकरमध्ये पैज कितीचीही असू शकते, म्हणून निदान तीन किमती लागतात. चार रंगांच्या प्रत्येकी ५० अशा २०० चिप्सचा साधा प्लॅस्टिकचा संच सहा जणांना पुरतो. प्रत्येकाला ५ च्या ५, २५ च्या ७ आणि १०० च्या ८ द्या: बरोबर १,०००. चौथा रंग ५०० चा, तो पेटीतच ठेवा. चिपवर छापलेला आकडा वेगळा असेल तर सगळे आकडे विसरा, फक्त रंग बोला. निम्मा छापील आणि निम्मा मनातला हिशेब चालत नाही. संचही नको असेल तर शर्टाची बटणं ग्रोसवर, म्हणजे १४४ च्या हिशेबानं, मिळतात. तीन रंगांचा एकेक ग्रोस भरपूर झाला. बटणं चपटी घ्या, फुगीर असली तर चळत कोसळते. तासगावचा बेदाणा मात्र नको. तो चिकटतो आणि डाव रंगात आला की पॉट खाल्ला जातो.

ब्लाइंड ५/१० पासून सुरू करा आणि दर २० मिनिटांनी वाढवा: १०/२०, १५/३०, २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. १५/३० संपलं की ५ च्या चिप्स बदलून उचलून घ्या. टेबलावर एकूण ६,००० आहेत, त्यामुळे बिग ब्लाइंड ३०० च्या आसपास गेला की खेळ आपोआप संपत येतो. साधारण पावणेतीन तास. ब्लाइंड वाढवलेच नाहीत तर रात्रभर कुणीच बाद होत नाही.

कुणी सगळ्या चिप्स लावल्या तर पॉट दोन करायचे. एकाकडे १०० आणि दोघांकडे ३००-३०० असतील तर तिघांचा पॉट ३००. उरलेले ४०० फक्त त्या दोघांत. तीन पत्तीतला साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं) इथं नाही. डाव चालू असताना शेजाऱ्याला पत्ते दाखवणं पोकरमध्ये चूक.

चिप्सना पैशाची किंमत देऊ नका. पैशांवरचा जुगार महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ खाली येतो, आणि यजमानानं जागेचे किंवा पत्त्यांचे पैसे घेतले तर घराचा अड्डा ठरू शकतो.

बजेटमधला खर्च करायचा तो पत्त्यांवर. तीन पत्तीत पत्ते हातात धरतात. पोकरमध्ये ते टेबलावर पडून असतात आणि कोपरा उचलून बघितले जातात. कागदी पत्त्याचा कोपरा लगेच दुमडतो आणि पाठीवरून एक्का ओळखू येतो. म्हणून पूर्ण प्लॅस्टिकचे, वेगळ्या रंगाच्या पाठीचे दोन कॅट घ्या: एक वाटत असताना दुसरा पिसून तयार. डब्यावर ‘प्लॅस्टिक कोटेड’ असेल तर आत कागदच आहे. सोनेरी चकचकीत पत्ते घसरतात, शिवाय दिव्याखाली आकडे दिसत नाहीत. जोकर काढून ठेवा. मधले पाच पत्ते उलगडण्याआधी तीनदा वरचा एकेक पत्ता पालथा बाजूला टाकतात, तो नियम पाळाच: खूण पडलेला वरचा पत्ता कुणी ओळखला असेल तर निदान तो वाया जातो.

काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावरून पत्ता उचलता येत नाही. जुनी चादर चौघडी करून वर साधं कापड ताणून बसवा. मधे पाच पत्त्यांना निदान ३५ सेंटीमीटर मोकळी जागा राहू द्या. आणि भडंग द्यायचंच असेल तर प्रत्येकाला वेगळ्या वाटीत, चमच्यासकट. तेल-मसाल्याचा हात प्लॅस्टिकवरून ओल्या फडक्यानं पुसता येतो, कागदी कॅटवरून नाही.