परदेशी शिष्यवृत्ती (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर, संशोधन व विधी शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांत जाता यावे म्हणून मिळणारे संस्थानी, शासकीय वा खासगी अर्थसाहाय्य.

उगम : या परंपरेचा आरंभ कोठे मानावा, याबद्दल एकवाक्यता नाही. इंग्रज सरकारने १८६८ च्या सुमारास इंग्लंडमधील शिक्षणासाठी काही शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. त्या लवकरच बंद पडल्या. जमशेटजी टाटांचा १८९२ चा निधी मुळात कर्जाऊ होता, म्हणून काही जण तो शिष्यवृत्तीत धरत नाहीत. खानदेशात मात्र आरंभाचा मान बहुधा परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणारे बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना दिला जातो. त्यांचा जन्म मार्च १८६३ मध्ये कवळाणे येथे झाला. हे गाव आज नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात आहे. परंतु नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला आणि तोवर मालेगाव, बागलाण हा मुलूख खानदेश कलेक्टोरेटमध्ये मोडत होता. त्यामुळे सयाजीराव जन्माने खानदेशी ठरतात. महसुली नोंदींच्या दृष्टीने हा दावा टिकतो. पण शिष्यवृत्ती बडोद्याच्या तिजोरीतून आणि बडोद्याच्या गरजेसाठी दिली जाई, हे लक्षात घेता तिला खानदेशी म्हणणे अभिमानाला धरून असले, तरी इतिहासाला धरून नाही. आजच्या योजनांचे मूळ केंद्र सरकारच्या १९५४-५५ च्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत शोधणे अधिक युक्त वाटते.

बडोद्याची अट : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदा संस्थानकडून दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर झाले. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि पुढे लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेतून (‘इन’) १९२२ मध्ये बॅरिस्टर. याच बॅरिस्टरीच्या कामासाठी ३१ जुलै १९३७ रोजी ते धुळ्याच्या न्यायालयात आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर वर्षी त्या दिवशी तेथे अनुयायांची गर्दी होते. शासकीय योजनांतील बंधपत्र व जामीनदार या अटींत बडोद्याच्या कराराचीच छाया दिसते.

विधी शिक्षण : ‘कायदा शिकायला विलायतेला जाणे’ याचा अर्थ मधल्या काळात पार बदलला. पूर्वी ‘इन’मध्ये नाव घालून, ठरावीक सत्रे भरून बॅरिस्टर होत व परत येऊन येथे वकिली करीत. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांनाच त्या पात्रतेवर येथे वकिलीची सनद मिळू शकते. त्यानंतर एलएल.बी. येथे करून एक वर्षाच्या एलएल.एम. या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, ऑक्सफर्डला गेल्यास तिच्याच तोडीच्या बी.सी.एल.साठी, बाहेर जाणे ही रीत झाली. वकिलीची सनद एलएल.बी.वर मिळते, एलएल.एम.वर नव्हे, तेव्हा धुळ्या-जळगावच्या न्यायालयांत उभे राहण्यासाठी या पदवीची गरज नाही. तिचा उपयोग अध्यापन, आंतरराष्ट्रीय लवाद व संशोधन यांत.

सध्याच्या योजना : अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज योजना (७५ जागा) आणि मराठा समाजासाठी ‘सारथी’ या राज्य शासनाच्या संस्थेची सयाजीरावांच्या नावाची योजना (७५ जागा : पदव्युत्तर ५०, पीएच.डी. २५) या प्रमुख. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेत १२५ जागा असून त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या, ६ विमुक्त व भटक्यांच्या, ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या आहेत. निर्वाहभत्ता डॉलरमध्ये, ब्रिटनसाठी पौंडांत ठरतो. ऱ्होड्स, चेवनिंग, कॉमनवेल्थ, इनलॅक्स या इतर शिष्यवृत्त्यांत जिल्हा वा प्रदेश पाहिला जात नाही.

नंदुरबार : २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जनजातीय कार्य मंत्रालयाच्या योजनेतील जागा मात्र देशभरासाठी अवघ्या २०. त्यांतील ३ अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव असून महाराष्ट्रात अशा जमाती कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीनच. सातपुड्यातले भिल्ल, पावरा तसेच मावची यांत येत नाहीत; त्यांना उरलेल्या १७ जागांसाठीच देशभरातील उमेदवारांशी स्पर्धा करावी लागते.

विषयांवरील निर्बंध : सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अहिराणी मौखिक परंपरा किंवा खानदेशातील दलित चळवळीचा इतिहास हा विषय घेऊन लंडनला जाऊ पाहणाऱ्याला त्यामुळे हा मार्ग बंद झाला आहे; अभियांत्रिकीचा किंवा व्यवस्थापनाचा विषय असेल, तर ही अडचण येत नाही.