दाराला काच का हवी

ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका शाही आयोगाने शाळा, अनाथाश्रम, क्रीडासंस्था आणि चर्च अशा ठिकाणी मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आठ हजारांहून अधिक माणसं आयोगाच्या सदस्यांशी खासगी बैठकींत बोलली. घडलेलं पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी २३.९ वर्षं लागली होती. दहाव्या वर्षी शिबिरात काही झालं, तर तोंड उघडेपर्यंत माणूस चौतिशीला येतो. तोवर शिबिर घेणारा कदाचित निवृत्त झालेला असतो, क्वचित त्याच्या नावाने सभागृहही उभं राहिलेलं असतं.

‘आमच्या मंडळीत आजवर एकही तक्रार नाही’ हे वाक्य चर्चच्या मंडळींत, म्हणजे स्थानिक समुदायांत, मोठ्या समाधानाने म्हटलं जातं. २३.९ या आकड्याशेजारी ते ठेवून बघा. त्यातून कळतं ते एवढंच, की तक्रार अजून आलेली नाही.

मूल गप्प का राहतं, याची कारणं आता बऱ्यापैकी माहीत आहेत. भीती असते, लाज असते, आपलंच काहीतरी चुकलं ही भावना असते. त्यातच हात टाकणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा आणि आवडता असतो. चर्चमध्ये यात आणखी एक पेच पडतो. तोच माणूस मुलाला पाप आणि पुण्य शिकवत असतो, त्याच्यासाठी प्रार्थना करत असतो, आईवडील त्याच्यापुढे मान लववत असतात. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं, असं मुलाला वाटलं तर नवल नाही. म्हणजे तक्रार आल्यावर बघू, असं ठरवलेली व्यवस्था मुळातच वीस-पंचवीस वर्षं उशिरा धावते.

मग आधी काय करायचं? पहिलं उत्तर सगळ्यांनाच सुचतं: वाईट माणसं आधीच ओळखा आणि दाराबाहेर ठेवा. इथे थोडं गणित करू. अमेरिकेतल्या जॉन जे कॉलेजने २००४ मध्ये कॅथलिक चर्चच्या नोंदींचा अभ्यास केला. १९५० ते २००२ या काळात सेवेत असलेल्या धर्मगुरूंपैकी सुमारे ४ टक्क्यांवर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले होते. हाच आकडा उदाहरणापुरता घेऊन एक हजार कार्यकर्ते कल्पनेत आणा. त्यांत ४० जण धोकादायक. समजा आपल्याकडे अशी एक चाचणी आहे, जी धोकादायक माणसाला दहापैकी नऊ वेळा पकडते आणि निर्दोष माणसावर दहापैकी एकदाच चुकून बोट ठेवते. एवढी अचूक चाचणी जगात कुणाकडेही नाही, तरी धरून चालू. ती ३६ जणांना पकडेल, पण सोबत ९६ निर्दोषांनाही पकडेल. बोट ठेवलेल्या १३२ जणांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक विनाकारण बदनाम होतील. आणि चार जण चाचणीतून उत्तीर्ण होऊन, वर प्रमाणपत्र घेऊन, मुलांमध्ये वावरतील. ही चौकडी मला सर्वांत घातक वाटते, कारण आता तिच्याकडे कुणी बघणारच नाही.

पोलीस पडताळणीची मर्यादाही अशीच. ती करायलाच हवी, पण तिच्यात फक्त पूर्वी सापडलेले दिसतात. मुलांना सांगायला एवढी वर्षं लागत असतील, तर न सापडलेल्यांची कागदपत्रं स्वच्छच असणार.

आपल्या नजरेवरही फार भिस्त ठेवता येत नाही. मुलाशी हळूहळू सलगी वाढवणं, भेटवस्तू देणं, ‘हे आपल्या दोघांतलं’ म्हणून छोटी गुपितं तयार करणं, आईवडिलांचा विश्वास संपादन करणं, या सगळ्याला अभ्यासक ग्रूमिंग म्हणतात. पण हीच लक्षणं जीव लावून काम करणाऱ्या चांगल्या शिक्षकातही वरवर दिसतात. मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रसंगांची वर्णनं लोकांना वाचायला दिली. शेवट अत्याचारात झाला असं सांगितलेल्यांना वाटलं, की हे आधीच ओळखू आलं असतं. शेवट न सांगितलेल्यांना तसं वाटलं नाही. घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात.

इंग्लंडमधलं जॉन स्माइथचं प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. हा नामवंत बॅरिस्टर नामांकित शाळांतल्या मुलांच्या ख्रिस्ती शिबिरांशी निगडित होता. आत्मिक शिस्तीच्या नावाखाली त्याने मुलांना रक्त येईपर्यंत छड्या मारल्या. १९८२ मध्येच एका पाद्र्याने याचा लेखी अहवाल तयार केला होता. तो पोलिसांकडे गेला नाही. स्माइथ १९८४ मध्ये झिंबाब्वेला गेला आणि तिथेही त्याने शिबिरं भरवली. २०१८ मध्ये, कधीही शिक्षा न होता, तो मेला. या हाताळणीची चिकित्सा करणारा अहवाल २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्यानंतर काही दिवसांतच चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. अहवाल लिहिणारा पाद्री आणि तो वाचणारे वाईट होते असं नाही. संस्थेची अब्रू आणि आरोपीचं कुटुंब त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. मुलं नव्हती.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये मांडलं, की मुलावर अत्याचार घडण्याआधी चार अडथळे ओलांडले जावे लागतात. करणाऱ्याच्या मनात तशी ओढ हवी, त्याने स्वतःच्या मनाचा लगाम झुगारायला हवा, बाहेरची आडकाठी दूर व्हायला हवी आणि शेवटी मुलाचा प्रतिकार मोडायला हवा. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्याच्या डोक्यात घडतात, तिथे चर्चच्या युवक संघाच्या समितीचा हात पोचत नाही. चौथीचा भार मुलावर टाकणं अन्यायाचं आहे. मुलांना सुरक्षिततेचे धडे जरूर द्यावेत. २०१५ मध्ये २४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा अशा धड्यांनी मुलांची समज वाढते असं दिसलं. पण आठ वर्षांच्या मुलाने प्रौढाला अडवावं, ही काही योजना नव्हे. उरतो तिसरा अडथळा. तो मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो.

युवककार्यातले जे नियम अनेकांना जाचक वाटतात, ते सगळे या तिसऱ्या अडथळ्याचे आहेत. मुलांसोबत किमान दोन प्रौढ असावेत आणि शक्यतो ते नवरा-बायको किंवा नातलग नसावेत, कारण घरचा माणूस घरच्याला झाकू शकतो. संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या, खोलीच्या दाराला काच असावी. एखाद्या मुलीला एकटीनेच बोलायचं असेल तर तिच्याशी जरूर बोलावं, पण दुसऱ्या कुणाला दोघं दिसतील अशा जागी. ऐकू आलं नाही तरी चालेल. गाडीतून मुलांना घरी सोडताना शेवटी एकच मूल उरणार नाही असा रस्ता आखावा. रात्री मुलाला मेसेज करायचा तर दुसरा प्रौढ असलेल्या गटातच करावा, आपोआप पुसले जाणारे मेसेज नकोतच. शिबिरात झोपायची व्यवस्था, आंघोळीच्या वेळा, प्रथमोपचार कोण करणार, हे आधी लिहून पालकांना द्यावं.

हे नियम बिशपपासून सोळा वर्षांच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना सारखेच लागू हवेत. मदतनिसाचं नाव मुद्दाम घेतलं. अमेरिकेत २००९ च्या एका अभ्यासात, अल्पवयीनांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत पोलिसांना माहीत झालेल्या गुन्हा करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्वतः अल्पवयीन होते. यांतली बहुतेक मुलं पुढे तीच वाट धरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कायमचा शिक्का मारणं चूक. पण शिबिरात मोठ्या मुलांच्या भरवशावर लहानग्यांची खोली सोडून प्रौढांनी प्रार्थनेला जाणं, हेही चूकच.

यावर आक्षेप येतो, की यामुळे मायेचा ओलावा आटतो. मला तसं वाटत नाही. नियम सगळ्यांना असला की कुणावर संशय घ्यावा लागत नाही. ‘सर, दार उघडं ठेवा’ असं नवखी कार्यकर्तीही ज्येष्ठाला न कचरता सांगू शकते. आणि नियम पुन्हा पुन्हा मोडणारा माणूस अत्याचाराचा पुरावा नसतानाही नजरेत भरतो, त्याला तेवढ्यावर थांबवता येतं.

एखादं मूल बोललंच, तर विज्ञानाचा सल्ला अगदी नेमका आहे: कमी विचारा. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण सुरू झालं; तिथल्या शिक्षकांवर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप होते. मुलांना सूचक प्रश्न विचारून, उत्तर आवडलं की शाबासकी देऊन मुलाखती घेतल्या गेल्या आणि १९९० पर्यंत चाललेल्या खटल्यांतून कुणालाही शिक्षा झाली नाही. पुढे १९९८ मध्ये संशोधकांनी त्याच मुलाखतींतल्या क्लृप्त्या वापरून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एका पाहुण्याबद्दल न घडलेल्या गोष्टी विचारल्या. पाच मिनिटांच्या आत मुलांनी ५८ टक्के प्रश्नांना होकार दिला. नुसते सूचक प्रश्न विचारले तेव्हा १७ टक्के. म्हणून कार्यकर्त्याने ‘मग काय झालं ते सांग’ एवढंच म्हणावं, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवावेत, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये आणि पुढचं काम पोलीस व बालसंरक्षण यंत्रणेकडे सोपवावं. मंडळीच्या वडिलधाऱ्यांनी आधी आपापसांत चौकशी करणं म्हणजे पुराव्यावर पाय देणं. क्षमेचा विषयही इथे काढू नये. क्षमा करायची की नाही हे ज्याने सोसलं त्याने ठरवायचं, आणि केली तरी मुलांच्या कामावर परत घेण्याशी तिचा संबंध नाही.

पापनिवेदनाचं काय, हा प्रश्न कॅथलिक चर्चमध्ये अजून धुमसतो आहे. पापनिवेदन म्हणजे धर्मगुरूपुढे खासगीत दिलेली पापांची कबुली, जी त्याने गुप्तच ठेवायची असते. पापनिवेदनात कळलेला अत्याचारही कळवणं सक्तीचं करावं, असं ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने सुचवलं. तिथल्या बिशपांनी २०१८ मध्ये आयोगाच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, ही मात्र नाकारली. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तसा कायदाच केला. या गदारोळात त्याच अहवालातल्या दुसऱ्या एका शिफारशीकडे फारसं लक्ष गेलं नाही. मुलांचं पापनिवेदन मोकळ्या जागी, दुसऱ्या प्रौढाला स्पष्ट दिसेल असं व्हावं, असं तिच्यात म्हटलं आहे. त्यासाठी ना कायदा बदलावा लागतो, ना गुपित फोडावं लागतं. एखादी खुर्ची बाहेर आणली आणि चार बाक सोडून कुणी बसलं, की झालं.