फंक्शनमधला लपलेला पॅरामीटर

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्यासाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पीएचपी या वेब पानं बनवण्याच्या भाषेत लिहिलेला बिलिंगचा कोड उघडला, की जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) डोक्यावर ‘ग्लोबल’ची, म्हणजे बाहेरचं व्हेरिएबल आत वापरण्याची, ओळ भेटते: डेटाबेस कनेक्शन, करदर, बिल क्रमांक. याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. पीएचपीत पान ब्राउझरकडे गेलं की त्याची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात. शंभर ओळींच्या पानात ग्लोबल कोणाला नडत नसे. शिवाय ‘रजिस्टर ग्लोबल्स’मुळे फॉर्ममधला प्रत्येक रकाना आपोआप ग्लोबल होई. पानाच्या वेब-पत्त्यात नाव जोडून बाहेरचा माणूस आतलं व्हेरिएबल भरू शके, हा त्यातला खरा धोका. 2001मध्ये पीएचपी 4.1सोबत फॉर्ममधली माहिती वेगळ्या यादीत देणारे सुपरग्लोबल आले, 2002च्या 4.2पासून ‘रजिस्टर ग्लोबल्स’ची सोय मुळातच बंद असे, आणि 2012च्या 5.4ने ती काढून टाकली. ‘ग्लोबल’ हा शब्द मात्र राहिला.

1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि असा कोड उघडा पडला. गिऱ्हाईक खंडव्याचं, म्हणजे त्याच राज्यातलं असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, जळगावचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं असेल तर आयजीएसटी. एका पानावर दहा बिलं छापताना ग्लोबल करदरात आधीच्या बिलाचा दर उरतो, आणि तो कुठे बदलला हे शोधायला सगळ्या फाइली चाळाव्या लागतात. करदर हा पहिल्यापासून पॅरामीटरच, म्हणजे फंक्शनला बाहेरून द्यायचं मूल्यच होता, फक्त फंक्शनच्या नावापुढच्या कंसात लिहिलेला नव्हता.

तो कंसात आणताना घाई नको. आधी फंक्शन ग्लोबल नुसता वाचतं की त्यात लिहितंही, हे पाहा. नुसता वाचत असेल तर शेवटी नवा पॅरामीटर जोडा, त्याचं डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायचं मूल्य) नल, म्हणजे रिकामं, ठेवा, आणि नल आला तरच आत जुना ग्लोबल वाचा. मग एकेक कॉल, म्हणजे ते फंक्शन वापरलेली जागा, बदला, प्रत्येक वेळी जुन्या बिलांशी बेरीज ताडून पाहा. सगळे कॉल झाले की डिफॉल्ट आणि ‘ग्लोबल’ची ओळ, दोन्ही काढा.

लिहीत असेल तर गडबड इथेच होते. ‘ग्लोबल’ म्हणजे मूळ व्हेरिएबलचा रेफरन्स, त्याचंच दुसरं नाव. पॅरामीटर म्हणजे त्यातल्या मूल्याची प्रत. बिल क्रमांक आत एकने वाढवला तरी बाहेर जुनाच राहतो आणि दोन बिलांना एकच क्रमांक पडतो. त्यावर उपाय म्हणून पॅरामीटरही रेफरन्सने देणं म्हणजे जुनंच दुखणं नव्या जागी. त्यापेक्षा फंक्शनने नवा क्रमांक रिटर्न करावा, म्हणजे उत्तर म्हणून परत द्यावा. कनेक्शन ऑब्जेक्ट असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण पीएचपी 5पासून ऑब्जेक्टची प्रत होत नाही.

पॅरामीटरचं नावही पहिल्याच फेरीत नीट ठरवावं. पीएचपी 8.0पासून कॉलमध्ये ते नाव लिहिता येतं, आणि तसे कॉल झाल्यावर नाव बदललं तर ते मोडतात.