ॲम्प्लिफायर शेवटी उठवा, आधी निजवा

चवथीला गोव्यातली कितीतरी मूळ घरे वर्षभराने उघडतात. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी येतात, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली जाते आणि भजनासाठी कपाटातला जुना ॲम्प्लिफायर बाहेर निघतो. आमच्याही घरी असाच एक आहे. काही वर्षांपूर्वी आरती आटोपल्यावर घाईघाईत आवरताना ॲम्प्लिफायर चालू असतानाच कुणीतरी माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरचा प्लग ओढला. ‘धप्प’ असा आवाज झाला, वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कागदी कोन पुढे उसळलेला मी समोरून पाहिला आणि जळक्या वार्निशचा वास आला. दुसऱ्या दिवसापासून त्या स्पीकरमधून गाण्याबरोबर खरखर येऊ लागली.

त्या क्षणी नेमके काय घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. मिक्सर, प्लेअर किंवा रेडिओ यांच्या आतले मंडल चालू होताना शून्यापासून आपल्या नेहमीच्या विद्युतदाबापर्यंत चढते आणि बंद होताना खाली कोसळते. या चढउतारात बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) भारित किंवा रिकामा होतो आणि त्याचा एक ठोका तारेवाटे पुढच्या यंत्राकडे जातो. हा ठोका जेमतेम अर्ध्या व्होल्टचा असला, तरी घरगुती ॲम्प्लिफायर दाब साधारण 25 ते 30 पटींनी वाढवतो, त्यामुळे व्हॉल्यूम पूर्ण उघडा असल्यास स्पीकरवर 14 व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. 8 ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा, म्हणजे कोनाला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याचा, प्रत्यक्ष रोध 6 ओहमच्या जवळपास असतो. म्हणजे तेवढ्या क्षणापुरती केसासारख्या बारीक तारेत 30 वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते आणि कोन एका बाजूला ढकलला जातो. संगीत चालू असताना कॉइल सतत हलते आणि त्या हालचालीने थोडी थंडही होते; एकाच दिशेने रेटली गेल्यावर तिला ती सोय राहत नाही. ट्विटरच्या, म्हणजे बारीक-उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, वाटेत कपॅसिटर असल्याने असा संथ धक्का त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, परंतु तीक्ष्ण ‘टक्’ मात्र थेट पोहोचते, आणि त्याची कॉइल तर आणखी नाजूक असते.

म्हणून क्रम असा ठेवावा: चालू करताना आधी प्लेअर व मिक्सर, मग काही सेकंद थांबून, व्हॉल्यूम खाली असताना ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर आणि त्यातला उरलासुरला आवाज विरल्यावर बाकीचे. अनेक ॲम्प्लिफायरांत चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी रिलेची ‘टक्’ ऐकू येते. आतले दाब स्थिरावेपर्यंत स्पीकर तोडून ठेवण्याचे काम तो रिले करत असतो; पण आधीच चालू असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये मिक्सरकडून आलेला ठोका त्याला सहसा अडवता येत नाही. हीच काळजी तारा जोडतानाही घ्यावी, कारण आरसीए पिनचा (यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारेच्या टोकाच्या गोल पिनचा) मधला खिळा बाहेरच्या कड्याआधी टेकतो आणि तेवढ्या वेळात मोठी घरघर स्पीकरमध्ये शिरते.

पावसाळ्यात वीज जाते, येते आणि पुन्हा जाते, तेव्हा ॲम्प्लिफायरचे बटण लगेच बंद करावे. चालू होतानाचा पहिला मोठा प्रवाह रोखण्यासाठी पुष्कळ यंत्रांत थर्मिस्टर बसवलेला असतो. तो थंड असताना प्रवाहाला अडवतो आणि तापला की वाट मोकळी करतो. तापलेला असतानाच वीज परतली, तर त्याचा अडसर उरत नाही आणि फ्यूज, स्विच व डायोड यांवर सगळा भार येतो. वीज स्थिर झाल्यावर निदान एक-दोन मिनिटे थांबून मगच यंत्र चालू करणे मला योग्य वाटते. गडगडाट सुरू होण्याआधी मात्र प्लगच काढावा, आणि अँटेना किंवा डिशची तारही. स्पाइक गार्ड लहानसहान उसळ्या सोसतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचे काही चालत नाही.

राहिला वर्षानुवर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि दाब मिळाल्यानेच तो टिकून राहतो. दीर्घकाळ पडून राहिल्यास तो क्षीण होतो, आतून प्रवाह गळू लागतो आणि एकदम 230 व्होल्टांना जोडल्यास कपॅसिटर तापून फुगू शकतो. एक-दोन वर्षे पडून राहिलेल्या चांगल्या यंत्राला याची फारशी भीती नसते, परंतु आजोबांच्या काळातले यंत्र असेल तर ते जाणत्या कारागिराकडे न्यावे, म्हणजे तो व्हेरिॲकने, म्हणजे विद्युतदाब कमी-जास्त करता येणाऱ्या उपकरणाने, दाब हळूहळू चढवत नेतो आणि तो थर पुन्हा बांधला जातो. शिवाय भाद्रपदातल्या दमट हवेत आत ओल धरलेली असते, म्हणून घर उघडल्याच्या दिवशी ते यंत्र प्लग न लावता पंख्याखाली ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी, स्पीकर न जोडता, प्रथम एकटेच चालू करून पाच-दहा मिनिटे त्याच्याजवळ बसावे. गुरगुर वाढली किंवा वास आला, तर भिंतीवरचे बटण लगेच बंद करावे.