वेफर्सचं पाकीट तापवलं की आक्रसतं का?

वेफर्सचं पाकीट आतून चकाकतं, म्हणून ते फॉइलचं असतं असा सरसकट समज आहे. बहुतेक पाकिटं पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असतात. दोन पातळ फिल्म एकमेकींना चिकटवलेल्या, छपाई त्यांच्या मधोमध. आतल्या फिल्मवर निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. सगळ्यांत आत, जिथे कडा चिकटतात तिथे, कमी तापमानाला वितळणारा कोपॉलिमर, म्हणजे दोन प्रकारचे रेणू एकाच साखळीत गुंफलेलं प्लास्टिक.

खरी गंमत फिल्म ताणण्यात आहे. ती आधी लांबीत सुमारे पाचपट, मग रुंदीत आठ-नऊपट ताणतात. एरवी गुंतवळासारख्या पडलेल्या रेणूंच्या साखळ्या त्यामुळे सरळ होतात. काही भागांचे स्फटिक बनतात. पण एकाच साखळीचं एक टोक या स्फटिकात, दुसरं त्या स्फटिकात रुतलं, तर मधला भाग ताणलेलाच राहतो. सरळ राहायच्या तऱ्हा मोजक्या, वेटोळं व्हायच्या असंख्य. म्हणून तो सैल व्हायला टपलेला असतो. शक्य तऱ्हांच्या या मोजमापालाच एंट्रॉपी म्हणतात. फिल्म तापली की आधी कच्चे, बारीक स्फटिक वितळतात, पकड सुटते आणि फिल्म आक्रसते. पॉलिप्रॉपिलीन वितळतं 165 अंश सेल्सिअसच्या आसपास. आक्रसणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. कडा चिकटवताना आतला थर वितळायला हवा आणि बाहेरचा जागचा हलता कामा नये. या थोडक्या अंशांच्या फटीतच पाकीटवाल्यांचं सगळं कसब.



पॉलिएस्टर या दुसऱ्या प्लास्टिकची फिल्म उष्णतेत जास्त टिकते, कारण ताणल्यावर ते चिमट्यांत धरूनच 200 अंशांच्या वर तापवतात. कच्चे स्फटिक जाऊन त्या जागी पक्के येतात. तयार भाजीच्या पाऊचला बाहेरून हेच असतं, मध्ये खरीखुरी फॉइल आणि आत न ताणलेलं पॉलिप्रॉपिलीन. ताणलेलंच नाही, तर आक्रसणार कशाला? असे पाऊच 121 अंशांवर निर्जंतुक करतात. साधं कमी घनतेचं पॉलिथिन तिथे वितळूनच जाईल.

अडचण नंतर येते. चिकटवलेले वेगवेगळे थर सुटे करता येत नाहीत, म्हणून पाऊच पुन्हा वितळवून वापरणं अवघड. सगळे थर पॉलिप्रॉपिलीनचेच केले तर हा प्रश्न बराच सुटतो. पण मग पॉलिएस्टरचं कवच जातं आणि ती फट आणखी अरुंद होते.