एका निवडीवरून माणूस किती कळतो?

१९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्युबाचा साम्यवादी नेता फिडेल कॅस्ट्रो याच्यावरचे निबंध वाचायला दिले. कॅस्ट्रोची बाजू लेखकाने स्वतः घेतलेली नाही, त्याला नेमून दिलेली आहे, हे वाचणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही ‘हा मनातून कॅस्ट्रोवालाच’ असा त्यांचा कल दिसला. माणसाची करणी दिसते, त्याच्यावरचा दबाव दिसत नाही. मग सगळं त्याच्या स्वभावावर ढकलून आपण मोकळे होतो.

मग स्वभाव खरा कधी उघड होतो? जोन्स यांनीच कीथ डेव्हिस यांच्यासोबत १९६५ मध्ये त्याचा अंदाज मांडला होता. निवड मोकळेपणाने केलेली हवी, आणि चारचौघांना रुचेल अशी नसेल तर उत्तमच. लग्नघरी हसून बोलणाऱ्याबद्दल काय कळणार? तिथे सगळेच हसतात.

कथालेखकाला हे कुणी शिकवावं लागत नाही. ‘ती मानी होती’ असं न लिहिता तो तिला अडचणीच्या दिवसात भावाने पुढे केलेले पैसे परत करायला लावतो. भाऊ प्रेमळ आहे, पैसे परत मागणार नाही, आजूबाजूला कुणी नाही, हेही तो सांगून ठेवतो. बघणारं कुणी असतं, तर हा मानीपणा की देखावा, ही शंका राहिलीच असती. लघुकथा छोटी असूनही माणूस पुरता दाखवते ती इतर सगळ्या कारणांच्या या नाकेबंदीमुळे.

इतिहासात अशी नाकेबंदी करता येत नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचा प्रचार सोडण्याऐवजी १९२५ मध्ये नोकरी सोडली. तेवढ्यावरून त्यांना तत्त्वनिष्ठ म्हणावं, की हट्टी? मला तरी एका राजीनाम्यावर निकाल देणं घाईचं वाटतं. पण १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. खटला हरूनही मासिक थांबलं नाही, कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालत राहिलं. परिस्थिती बदलत गेली, निवड तीच राहिली. मानसशास्त्राच्या लेखी हा पुरावा राजीनाम्याहून कितीतरी भक्कम.